सातवा ककार : कशावरून?



विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या वर्गात पोरांना पहिला धडा देतात तो सहा ककारांचा. कोण, काय, कुठं, कधी, का आणि कसं. या सहांची उत्तरं पहिल्या परिच्छेदात बसवली की झाली बातमी. धडा काही खोटा नाही. पण सहाच्या सहा ककारांना उत्तरं देऊनही धडधडीत खोटी बातमी लिहिता येते, आणि अशा बातम्या आपल्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आलेल्या आहेत.

ही बघा : "अमुक गावात काल रात्री जुन्या वैमनस्यातून दोन गटांत हाणामारी होऊन चार जण जखमी झाले. परिस्थिती नियंत्रणात असल्याचे समजते." असल्या धाटणीची बातमी वाचली नाही असा आपल्यात कोणी नसेल. कोण, काय, कुठं, सगळं जागच्या जागी. पण दोन गट म्हणजे नेमके कोण? एका गटाकडं काठ्या-कुऱ्हाडी आणि दुसऱ्याकडं नुसतं पत्र्याचं घर, तर त्याला हाणामारी म्हणायचं की हल्ला? वैमनस्य जुनं आहे हे कुणी सांगितलं? मार खाणाऱ्यानं की मारणाऱ्यानं? आणि 'समजते' म्हणजे कुणाला समजते?

इथं सातवा ककार लागतो : कशावरून? आपल्या वस्तीतली म्हातारी हा प्रश्न रोज विचारते. "कशावरनं म्हणतोस रं?" एवढंच म्हणते, आणि थापा मारणारा गुमान बसतो. विद्यापीठानं याला जड नाव दिलंय : चिकित्सक विचार. त्याचे तास ठेवलेत, त्याला गुण ठेवलेत. ठेवू द्या. पण आपली काही पोरं आता त्या वर्गांत जाऊन बसलीत, घराण्यातली पहिली. चिकित्सा ही परक्यांची विद्या आहे आणि आपण ती उसनी घ्यायला आलोय, असं त्यांना तिथं वाटता कामा नये. म्हणून या सातव्या ककाराचा इतिहास मांडतो. कुणी शिकवला, कुणी शिकला, आणि त्यासाठी कुणी काय भोगलं, ते.

१

वृत्तपत्राचं काम विद्यापीठात शिकवायचं ही कल्पना अमेरिकेतली. तोवर हे काम छापखान्यात, संपादकाच्या शिव्या खात शिकायचं होतं. १९०८ साली मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेची स्वतंत्र शाळा निघाली. मग १९१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणखी एक. ही निघाली जोसेफ पुलित्झरच्या पैशातून. त्यानं वीस लाख डॉलर दिले आणि शाळा उघडायच्या आदल्या वर्षी, १९११ ला, तो मेला.

हा पुलित्झर कोण? हंगेरीतून फाटक्या खिशानं आलेला पोरगा. त्याला इंग्रजीही धड येत नव्हतं. तो अमेरिकेतला मोठा पेपरवाला झाला. १८८३ साली त्यानं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' विकत घेतला आणि खप असा वाढवला की बाकीच्यांचे डोळे पांढरे झाले. खपासाठी त्यानं काय काय केलं तेही इतिहासात आहे. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री क्यूबाच्या हवाना बंदरात 'मेन' नावाची अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेवर खलाशी मेले. स्फोट कशानं झाला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण हर्स्टच्या आणि पुलित्झरच्या पेपरांनी संशयाचं बोट स्पेनकडं वळवून मथळे मोठे मोठे केले. दोन महिन्यांत युद्ध सुरू झालं. पुढं १९७६ साली अमेरिकेच्याच आरमारातल्या अ‍ॅडमिरल रिकोव्हरनं तपास करून सांगितलं की स्फोट बहुधा जहाजाच्या आतूनच झाला होता.

म्हणजे 'कशावरून' हा प्रश्न बाजूला ठेवून ज्यानं पेपर खपवला, त्याच्याच पैशातून पत्रकारांना शहाणं करायची शाळा निघाली. यात नुसता ढोंगीपणा बघू नका. १९०४ साली त्यानं स्वतः लांबलचक लेख लिहून बजावलं होतं की या शाळेत धंदा शिकवायचा नाही, जबाबदारी शिकवायची. मालकालाही कळलं होतं की बिनचौकशीचा पेपर हे घातक यंत्र आहे. यंत्र त्याच्याच हातात होतं, म्हणून त्याला जास्त कळलं असणार.

२

त्याच कोलंबिया विद्यापीठात तेव्हा एक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता : जॉन ड्यूई. १९१० साली त्यानं शिक्षकांसाठी एक पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ : आपण विचार कसा करतो. आज जगभरच्या विद्यापीठांत चिकित्सक विचार म्हणून जे शिकवतात त्याचं एक मोठं मूळ या पुस्तकात आहे. ड्यूईचं म्हणणं साध्या भाषेत असं : माणूस अडखळला की विचार सुरू होतो. अडखळल्यावर हाताला लागेल ते उत्तर उचलू नये. निकाल थांबवून ठेवावा. हे मी खरं मानतो ते कोणत्या आधारावर, हे तपासावं. आधार पोचट निघाला तर मत सोडावं. आणि असा विचार पाठ करून येत नाही, करून करून अंगवळणी पडतो.

मी सूतगिरणीत काम करतो. तिथं लेबलावर चाळीस नंबर लिहिलंय म्हणून सूत चाळीस नंबरचं ठरत नाही. ठरीव लांबीचं सूत चरख्यावर मोजून काढतात, ते काट्यावर टाकतात, वजनावरून नंबर काढतात. मग ते चाळीस असेल तर चाळीस, अडतीस असेल तर अडतीस. मॅनेजरच्या सांगण्यानं काटा हलत नाही. ड्यूई डोक्यातल्या मतांसाठी हाच काटा मागत होता.

याच ड्यूईनं तरुणपणी, १८९२ साली, मिशिगनमध्ये एका पत्रकाराबरोबर पेपर काढायचा बेत केला होता. तत्त्वज्ञान आणि बातमी एकत्र आणणारा पेपर. 'थॉट न्यूज' हे नाव ठरलं, जाहिरातही झाली. पेपर निघाला नाही.

आता पुढचं ऐका. १९१३ सालच्या जुलैत बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक बावीस वर्षांचा तरुण या कोलंबियात पोचला. भीमराव रामजी आंबेडकर. पत्रकारितेची शाळा तिथं आदल्याच वर्षी उघडलेली. बाबासाहेबांनी त्या शाळेत नाव घातलं नाही. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण ड्यूईच्या वर्गात ते बसले. पुढं १९३६ साली 'जातिप्रथेचं विध्वंसन' या न झालेल्या भाषणात त्यांनी ड्यूईचं नाव घेऊन सांगितलं, हे माझे गुरू, यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे. गुरूचा पेपर निघालाच नव्हता. शिष्यानं आयुष्यात एकामागून एक काढले : 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'.

पण सगळं कोलंबियातून आलं असं समजू नका. आपल्या मातीत सातवा ककार आधीपासून पेरलेला होता. जोतीराव फुल्यांची १८७३ सालची 'गुलामगिरी' उघडून बघा. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. अख्खं पुस्तक प्रश्नावर उभं आहे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' काढला. तो पुढं मुंबईला नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवला आणि गिरणीकामगाराचं दुखणं पहिल्यांदा छापलं. १९०८ साली शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढलं. त्याहून मागं जायचं तर बुद्धानं केसपुत्त गावच्या कालामांना तेच सांगितलं होतं : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. बाबासाहेब कोलंबियाला गेले ते रिकाम्या हातांनी गेले नव्हते.

३

१९२० साली जगाच्या दोन टोकांना एकच काम झालं. आपल्याकडं त्यांची नावं कुणी शेजारी ठेवत नाही, म्हणून मी ठेवतो.

४ ऑगस्ट १९२० ला 'न्यू रिपब्लिक' या अमेरिकन साप्ताहिकानं एक मोठी पुरवणी छापली. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोघांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे तीन वर्षांचे, हजारावर अंक समोर घेऊन रशियन क्रांतीच्या बातम्या तपासल्या होत्या. त्यांना आढळलं की बोल्शेविकांचं राज्य पडलं किंवा पडायला आलंय, असं या पेपरनं एक्क्याण्णव वेळा सांगितलं होतं. राज्य तर उभंच होतं. लिपमन-मर्झनी हा कुणाचा कट आहे असं म्हटलं नाही. ते म्हणाले, बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनात जी आशा होती, जी भीती होती, तीच बातमी म्हणून छापली गेली. होतं ते दिसलं नाही, हवं ते दिसलं.

हे झालं ऑगस्टात. त्याच्या सहा महिने आधी, ३१ जानेवारी १९२० ला, मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला होता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, सरकारी नोकरीत, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. पहिल्या अग्रलेखात बाबासाहेबांनी काय केलं? मुंबई इलाख्यातल्या पेपरांची झडती घेतली. यातले बरेचसे पेपर आपापल्या जातीचं हित बघणारे आहेत, दुसऱ्याची त्यांना पर्वा नाही, कधी कधी तर दुसऱ्याच्या अहिताचंच त्यांत येतं, असं त्यांनी स्वच्छ मांडलं. आणि पुढं समजावलं की समाज ही एक बोट आहे. दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणाराही शेवटी त्याच बोटीबरोबर बुडतो.

लिपमनच्या हाती तीन वर्षांच्या फायली होत्या. बाबासाहेबांच्या हाती होता एक ताजा अनुभव : 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. ज्या पेपरात आपली पैसे मोजलेली जाहिरातसुद्धा शिरत नाही, त्या पेपरात आपली बातमी कशी शिरणार? आणि शिरली तर कुणाच्या तोंडून शिरणार?

४

सातव्या ककाराची खरी परीक्षा महाडला झाली.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली पास झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ साली आपलं तळं खुलं केलं, पण कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली आणि २० तारखेला लोक मिरवणुकीनं जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर गावात एक आवई उठली : हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. कशावरून? कशावरूनच नाही. परिषदेनं तसं ठरवलेलं नव्हतं. पण लाठ्या घेऊन बाहेर पडलेल्या जमावातल्या कुणीच 'कशावरून' विचारलं नाही. जेवत बसलेल्या, गावाकडं निघालेल्या आपल्या माणसांची डोकी फुटली. तपासली नाही अशी एक ओळ माणसं कशी फोडते ते महाडनं दाखवलं.

दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघाला. पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हा पेपर धडा म्हणून वाचावा. पैसा नाही, माणसं नाहीत. अंकाचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहायचे. बॅरिस्टरी, कॉलेज, चळवळ सांभाळून रात्री लिहायचे. आणि लिहायची रीत बघा. विरोधकाच्या पेपरानं काय म्हटलं ते आधी त्याच्याच शब्दांत समोर ठेवायचं. त्यात विधान कोणतं, पुरावा कोणता, हे वेगळं करायचं. मग एकेक मुद्दा घेऊन उत्तर. शिवी द्यायची नाही असं नाही, जीभ तिखट होती. पण आधी पुरावा.

महाडच्या धर्मसंगरावर त्यांनी ओळीनं अग्रलेख लिहिले. एक वरिष्ठ हिंदूंच्या जबाबदारीवर. एक इंग्रज सरकारच्या जबाबदारीवर. आणि एक अस्पृश्य वर्गाच्या जबाबदारीवर. या तिसऱ्यापाशी थांबा. डोकी आपली फुटली होती. कैफियत आपली होती. त्या घडीला नुसता आक्रोश छापला असता तरी कुणी बोल लावला नसता. पण त्यांनी आपल्याच माणसांसमोर आरसा धरला : तुम्ही काय करणार? तुमचं काय चुकतंय? चिकित्सा समोरच्याचीच करायची, सरकारचीच करायची, आणि आपल्या दारात आली की दार लावायचं, ही रीत त्यांची नव्हती.

पुढं हा प्रश्न कोर्टात गेला. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. तळं आमचं, अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही ही वहिवाट अनादी काळापासूनची. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला : अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. हजारो वर्षांची म्हणून जी गोष्ट सांगतात, तिला कोर्टात एकच साधा प्रश्न विचारला, कशावरून, आणि ती उभी राहू शकली नाही.

५

आता जरा समुद्रापलीकडं जाऊ, कारण हा प्रश्न विचारायची किंमत तिथं एका बाईनं आपल्या आधी मोजली आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेतलं. त्या काळ्यांची ही पूर्वज : आयडा बी. वेल्स. गुलामीत जन्मलेली, शाळामास्तरीण, पुढं मेम्फिस शहरात 'फ्री स्पीच' पेपरची संपादक.

तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना जमावानं पकडून फासावर लटकवण्याचे प्रकार रोजचे झाले होते. गोऱ्यांच्या पेपरात कारण ठरलेलं : गोऱ्या बाईवर बलात्कार केला. काळी माणसंसुद्धा ते वाचून मान खाली घालायची. मार्च १८९२ मध्ये मेम्फिसला तीन काळ्या दुकानदारांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. त्यांतला एक, थॉमस मॉस, आयडाचा जिवलग. आणि त्यांच्यावर बलात्काराचा आरोपच नव्हता. त्यांचं वाणसामानाचं दुकान चांगलं चालत होतं आणि समोरच्या गोऱ्याचं गिऱ्हाईक तुटत होतं, हा त्यांचा गुन्हा.

आयडानं विचारलं : मग बाकीच्यांचं कशावरून? ती ठिकाणं धुंडाळत फिरली, माणसांना भेटली, कात्रणं काढली. आठ वर्षांत ७२८ जणांना जमावांनी मारलं होतं. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. सिद्ध होणं लांबच. तिनं हे लिहायला घेतलं आणि मे १८९२ मध्ये जमावानं तिच्या पेपरची कचेरी फोडली. ती बाहेरगावी होती म्हणून वाचली. १८९५ साली तिनं मोठी पुस्तिका काढली ती गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'नं छापलेले आकडे घेऊन. म्हणजे काळ्या बाईनं फुगवून सांगितलं असं म्हणायची सोय उरली नाही.

यानंतर ११४ वर्षांनी आपल्याकडं काय झालं? २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं, आई, मुलगी आणि दोन मुलगे, गावानं मिळून मारली. सुरुवातीच्या बातम्यांत कारण काय आलं? अनैतिक संबंध. गावकऱ्यांचा संताप. मेम्फिसच्या पेपरांनी वापरलेलं तेच जुनं हत्यार, नुसती मूठ बदललेली. जमिनीचा वाद, पोलिसांत दिलेली साक्ष, शिकणारी मुलगी, स्वाभिमानानं राहणारी आई, हे सगळं त्या दोन शब्दांखाली गाडलं गेलं. ते उकरून काढलं ते सत्यशोधन करायला गेलेल्या कार्यकर्त्यांनी. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठं मोठ्या पेपरांची मोठी पानं हलली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा मानला नाही. मला विचाराल तर, घटनेला पहिलं नाव कोण देतो याला म्हणूनच मोल आहे. चुकीचं नाव पहिल्या दिवशी चिकटलं की ते कोर्टाच्या पायरीपर्यंत सोबत चालत येतं.

६

आपल्या देशात पत्रकारितेचे वर्ग निघाले ते १९४१ साली लाहोरला, पंजाब विद्यापीठात. १९५२ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात. १९६५ साली दिल्लीत केंद्र सरकारची संस्था निघाली. आता तर जिल्ह्याजिल्ह्याला वर्ग आहेत. म्हणजे शिकवणं कमी पडलं असं म्हणायला जागा नाही. मग खैरलांजीच्या पहिल्या बातमीला सातवा ककार का लागला नाही?

१६ नोव्हेंबर १९९६ ला 'पायोनियर' या दिल्लीच्या पेपरात बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारानं एक लेख लिहिला. एका परदेशी बातमीदारानं त्याला विचारलं होतं, बोलायला एखादा दलित पत्रकार सांग. उनियालला एकही नाव आठवेना. मग त्यानं सरकारमान्य बातमीदारांची यादी काढली. ६८६ नावं. त्यात त्याला एकही दलित सापडला नाही. दहा वर्षांनी, २००६ साली, योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ पेपर-चॅनेलांतल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठांची पाहणी केली. दलित एकही नाही, आदिवासी एकही नाही. साल तेच, खैरलांजीचं.

लिपमननं सांगितलेली गोष्ट इथं आठवा. टेबलाभोवती सगळे एकाच आळीतले बसले की कट करावाच लागत नाही. एक म्हणतो, गावात अनैतिक संबंधाचं प्रकरण होतं म्हणे. बाकीचे माना हलवतात. 'कशावरून' असं कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ते आधीच पटलेलं असतं. त्या टेबलाशी एक जरी पोरगी अशी असती, जिच्या घरी हे असलं वाक्य कधीतरी दगडासारखं येऊन पडलंय, ती अडखळली असती. ड्यूई म्हणतो ना, विचार अडखळण्यातून सुरू होतो. म्हणून वर्गात चिकित्सा शिकवायची असेल तर वर्गात आणि कचेरीत कोण बसलंय हा प्रश्न त्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे.

७

आता कामाचं बोलू. हे शिकवायचं कसं? विद्यापीठातल्या प्राध्यापकानं करावं आणि आपण आपल्या अभ्यासवर्गात करावं, एकच रीत आहे. भांडवल : कालचा पेपर आणि एक पेन्सिल.

पहिलं काम क्रियापदाचं. 'दगडफेक झाली', 'घरे जळाली', 'तणाव निर्माण झाला'. या वाक्यांना कर्ताच नाही. घर आपोआप जळत नाही. प्रत्येक अशा वाक्याखाली रेघ मारा आणि शेजारी लिहा : कुणी?

दुसरं काम तोंडाचं. बातमीतलं प्रत्येक विधान कुणाच्या तोंडून आलंय ते समासात लिहा. पोलिस, सरपंच, पुढारी, 'सूत्रे', 'समजते'. शेवटी मोजा. ज्याच्यावर गुदरलं त्याचं एकही वाक्य नसेल तर ती बातमी अर्धीच आहे.

तिसरं काम कागदाचं. फिर्यादीची प्रत मागा. फिर्याद देणाऱ्याला ती फुकट मिळायचा हक्क आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम लावलंय का? लावलं असेल तर नियमाप्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडं देता येत नाही. कुणाकडं दिलाय? हे दोन प्रश्न विचारणारा बातमीदार ठाण्यात आला की ठाण्याची बसण्याची पद्धत बदलते.

चौथं काम पायाचं. गावात जा. पुढाऱ्याच्या ओट्यावरून वस्ती दिसत नाही. वस्तीत जाऊन बसा.

आणि पाचवं काम, सगळ्यात अवघड. हेच चार आपल्या पत्रकाला लावा. मोबाईलवर रात्री अकराला येतं, अमुक ठिकाणी पुतळ्याची विटंबना, ताबडतोब पुढं पाठवा. कुठल्या गावात? कुठल्या सालचा फोटो? पाठवणारा कोण? महाडच्या आवईनं आपली डोकी फुटली, हे विसरून आपणच आवई पेरायची? बाबासाहेबांच्या नावावर रोज नवी वाक्यं फिरतात. सरकारनं १९७९ सालापासून त्यांचं लेखन आणि भाषणं खंडाखंडांनी काढलीत. वसंत मून यांनी हयात घालवली त्यात. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंकसुद्धा १९९० साली ग्रंथरूपानं निघालेत. वाक्य कुठल्या खंडात आहे, कुठल्या पानावर आहे, एवढं विचारायला काय पैसे पडतात? विरोधक आपलं एक खोटं पकडतो आणि त्या एका खोट्याच्या बळावर आपली शंभर खरी दुखणी फेटाळतो. आयडानं शत्रूच्याच पेपरचे आकडे घेतले ते यासाठीच.

काही जण म्हणतील, जळत्या घरापुढं पेन्सिल घेऊन बसायचं का? बसू नका. पाणी घेऊन आधी धावा. पण उद्या सकाळी त्या जळण्याची बातमी लिहिली जाणार आहे, आणि लिहिणारा आपल्याला विचारणार नाही. तेव्हा नाव, वेळ, साक्षीदार, फिर्यादीचा नंबर, हे सगळं आपल्या वहीत असेल तरच त्याच्या 'समजते'ला आपण अडवू शकतो.

ज्या पोरांनी विद्यापीठात नाव घातलंय त्यांना एकच सांगणं आहे. पाठ्यपुस्तकात लिपमन असेल, ड्यूई असेल, नीट वाचा, माणसं कामाची आहेत. पण सरांना विचारा, 'बहिष्कृत भारत' कुठल्या सत्रात आहे? नसेल तर का नाही? आणि सरांनी उत्तर दिलं की पुढचा प्रश्न विचारायला भिऊ नका. आपल्या आज्यांनी तो आपल्याला फुकट शिकवलाय.

कशावरून?

जयभीम.